महिनाअखेरचं पुणं

‘ए रूमी, येत्या वीकएन्डला पुण्यात ये. रविवारी रात्री अख्खा ग्रुप भेटतोय. बाणेरला टेबल बुक केलंय. रूफटॉप आहे, जाम भारी!’

मेसेज वाचून मी आधी काय केलं असेल, तर त्या रूफटॉपचा मेन्यू फोनवर उघडला. उजवीकडचा कॉलम आधी वाचला. ड्रिंक्स, स्टार्टर्स, मेन कोर्स, टॅक्स. माणशी कमीत कमी दोन-अडीच हजार. फोन उलटा करून ठेवला आणि चहा टाकला.

गोष्ट अशी होती की, मे महिन्यात आमच्या ऑफिसात ‘रिस्ट्रक्चरिंग’ नावाचा प्रकार झाला होता. त्यात माझी खुर्ची गेली. दोन महिने इंटरव्ह्यू देत होते, पण ग्रुपमध्ये कुणालाच बोलले नव्हते. घरी आईला कळलं होतं, बाकी सगळ्यांसाठी मी अजून ‘प्रोजेक्टमध्ये बिझी’ होते. तुम्हीही कधी या बोटीत बसला असाल तर ठाऊक असेल, अशा वेळी दोनच मार्ग असतात. एक म्हणजे खरं सांगायचं. दुसरा म्हणजे नॉस्टॅल्जिया.

मी दुसरा पकडला. लिहिलं, ‘रूफटॉप काय, इथे मुंबईत पण आहेत गं. त्यापेक्षा शनिवारी आपण दोघी हॉस्टेल स्टाइल फिरू. अख्खा दिवस, माणशी पाचशे रुपये. कार्ड नाही, यूपीआय नाही. फक्त कॅश.’

दोन सेकंदांत उत्तर आलं, ‘सॉलिड!!!’

रूमी म्हणजे माझी कॉलेजची रूममेट. मी तिला रूमी म्हणते, ती मला रूमी म्हणते. फर्ग्युसनला आम्ही तीन वर्षं एकत्र काढली. आधी हॉस्टेल आणि मग सदाशिव पेठेत एका वाड्यात ‘कॉट बेसिस’वर. ज्यांनी पुण्यात शिक्षण केलेलं नाही त्यांच्यासाठी : कॉट बेसिस म्हणजे खोली नाही, खोलीतली एक लोखंडी कॉट भाड्यानं घ्यायची. कॉटच्या वर तुम्ही, खाली तुमची ट्रंक, आणि बाकी सगळी जागा मालकांच्या नियमांची. रूमी आता हिंजवडीत आयटीमध्ये आहे. कोथरूडला स्वतःचा वनबीएचके आहे. त्यामुळे राहायचा प्रश्न मिटला होता. राहता राहिले पाचशे रुपये. आणि माझं आतलं बजेट तर तीनशेचं होतं, कारण खिशातल्या दोन पाचशेच्या नोटांत मला परतीचं तिकीट आणि पुढचा आठवडाही बसवायचा होता.

पहाटे दादरला इंद्रायणी एक्स्प्रेस पकडली. ही गाडी सीएसएमटीहून ५.४० ला सुटते आणि नऊच्या सुमाराला पुण्यात टाकते. सेकंड क्लास सीटिंगचं तिकीट आधी काढलंत तर शेअर टॅक्सीच्या एका सीटच्या पैशांत जाऊन-येऊन होतं. जुलै होता. घाटात खिडकीबाहेर नुसते ढग. कर्जत सोडलं की डब्यातला प्रत्येक जण फोन बाहेर काढून धबधबे शूट करायला लागतो, मग बोगदा येतो आणि सगळ्यांच्या व्हिडीओत काळोख येतो. हे मी दहा वर्षांपूर्वी पण बघितलंय, तेव्हा फोन छोटे होते एवढंच.

स्टेशनबाहेर पडल्यावर पहिला धक्का. आमच्या वेळी इथून डेक्कनला जायचं म्हणजे पीएमटी. (२००७ साली ती पीएमपीएमएल झाली, तरी आम्ही शेवटपर्यंत पीएमटीच म्हटलं.) आता थेट मेट्रो! वनाझ ते गरवारे कॉलेज असा तिचा पहिला तुकडा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षी ती स्टेशनपर्यंत आली. वीसेक रुपयांत, घाम न येता, रिक्षावाल्या काकांशी तात्त्विक चर्चा न करता आपण डेक्कनला. पण खरी मजा सिव्हिल कोर्टच्या पुढे आहे. तिथून गाडी मुठेच्या कडेकडेनं जाते. संभाजी उद्यान आणि डेक्कन या दोन स्टेशनांची छपरं मावळ्यांच्या पगडीसारखी केलीत. खाली नदी तांबूस, फुगलेली. भिडे पूल पाण्याखाली जायच्या बेतात. धरणातून पाणी सोडलं की तो जातोच, आणि मग अर्धं पुणं दुसऱ्या पुलावरून ते बघायला येतं. हासुद्धा फुकटातला कार्यक्रमच!

डेक्कनला रूमी उभी होती. मिठी मारली आणि म्हणाली, ‘बारीक झालीस गं.’ मी म्हटलं, ‘जिम.’

बन, मस्का आणि मागची रांग

सुरुवात अर्थातच गुडलकला. १९३५ सालचं इराणी. डेक्कनच्या कोपऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या कॉलेजकुमार इथे नाश्ता करून लेक्चर बुडवत आलेत. आम्ही जुन्या हिशोबानं ऑर्डर दिली : एक बनमस्का, दोन चहा. बन मधोमध कापून यायचा, तेव्हा ‘मस्का जास्त तो तुकडा कुणाचा’ यावर भांडण ठरलेलं. यावेळी रूमीनं गुपचूप जास्तीचा तुकडा माझ्याकडे सरकवला. मी लक्ष दिलं नाही असं दाखवलं.

एक टिप देऊन ठेवते. शनिवार-रविवारी सकाळी गुडलक काय किंवा फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली काय, तुमच्या खुर्चीच्या मागे दुसरं कुणी तरी उभं असतं. तिथे निवांत बसायचं स्वप्न बघू नका. खा आणि उठा. निवांत बसायच्या जागा पुण्यात वेगळ्या आहेत आणि बहुतेक फुकट आहेत.

त्यातली आमची पहिली, कॉलेज. गेटवर वॉचमनकाकांनी आयकार्ड मागितलं. रूमी म्हणाली, ‘काका, आम्ही माजी विद्यार्थिनी!’ काकांनी दोघींना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ‘ते दिसतंयच’ म्हणून आत सोडलं. पुणेरी टोमणा, आणि तोही फ्री!

डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं १८८५ साली फर्ग्युसन सुरू केलं. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं नाव दिलं गेलं. कॉलेजसमोरच्या रस्त्याचं अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ आहे, पण ते फक्त पाटीवर. सगळे म्हणतात एफसी रोड. आत मात्र बाहेरचा रस्ता अजिबात ऐकू येत नाही. पावसानं दगडी इमारत काळी पडलेली, वाडिया लायब्ररीच्या बाजूला झाडांतून थेंब गळतायत, आणि एका व्हरांड्यात आठ-दहा मुलं ओरडतायत. भांडण? नाही हो, प्रॅक्टिस! जुलै म्हणजे ‘पुरुषोत्तम’चा सीझन. महाराष्ट्रीय कलोपासकची ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात भरत नाट्य मंदिरात ‘आरे आवाज कुणाचा’च्या आरोळ्यांनी छप्पर उडतं. पण खरं नाटक असतं ते या महिनाभराच्या तालमींत. आम्ही खांबाआड पायरीवर बसलो. एक मुलगी तेच वाक्य पंधरा वेळा म्हणत होती आणि दिग्दर्शक म्हणून उभं असलेलं पोरगं पंधराही वेळा ‘नाही, नाही’ म्हणत होतं. सोळाव्या वेळी तिनं ते असं म्हटलं, की व्हरांड्यात एकदम शांतता. रूमीनं माझा हात दाबला. अख्खा तास गेला, खर्च शून्य.

एफसी रोडच्या शॉपिंगबद्दल फार सांगत नाही. टीशर्ट, कानातली, मोबाइलची कव्हरं, डेक्कनची हाँगकाँग लेन हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरू करा आणि पाठ फिरवून चार पावलं चाला. पाचव्या पावलाला हाक येते. आम्ही नुसतीच पाठ फिरवली, हाक आली तरी थांबलो नाही. रूमी म्हणाली, ‘कानातली घे की, पन्नासला देतोय.’ मी म्हटलं, ‘ॲलर्जी आहे.’

आज खाडा नाही!

दुपारी लकडी पुलावरून चालत पेठांत शिरलो. अलका चौकातून पुढे गेलं की हवाच बदलते. एफसी रोडवर पोरं फिरायला येतात, इथे ती राहतात. सदाशिव, नारायण, नवी पेठ. दर दुसऱ्या जिन्यावर ‘अभ्यासिका’ची पाटी : वायफाय, पाणी, चोवीस तास. एमपीएससी-यूपीएससीची तयारी करणारी, बीड-नांदेड-धुळ्याहून आलेली मुलं-मुली पाठीला सॅक लावून, हातात डबा घेऊन चालताना दिसतात. त्यांच्या चालण्यावरून महिन्याची तारीख ओळखता येते असं रूमीचं जुनं संशोधन आहे. एक ते दहा, टपरीवर क्रीमरोल. दहा ते वीस, नुसता चहा. वीसनंतर सरळ अभ्यासिकेत!

आणि मग आमची मेस. नाव देत नाही, कारण बाहेर पाटीच नाही. वाड्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, स्टीलची ताटं, भिंतीवर कॅलेंडर आणि त्याखाली खाड्यांची वही. खाडा हा मेसचा खास शब्द. जेवायला येणार नसाल तर आदल्या दिवशी वहीत लिहायचं, म्हणजे तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. न सांगता दांडी मारली तर पैसे बुडाले. माझं आयुष्यातलं पहिलं अकाउंटिंग मी त्या वहीवर शिकले. रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. हा नियम पुण्यातल्या बहुतेक मेसना लागू आहे. म्हणून रविवारी दुपारी पोरं अशी जेवतात की सोमवारपर्यंत पुरावं.

काकूंनी आम्हाला ओळखलं नाही. मग रूमीनं खोलीचा कोपरा दाखवून सांगितलं, ‘आम्ही तिथे बसायचो, हिला वरणावर तूप लागायचं.’ काकू म्हणाल्या, ‘अगं बाई, तुपवाली होय!’ पोळ्या, मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, वरण-भात, ताक. एकशेदहा रुपये, हवं तेवढं. मी चार पोळ्या खाल्ल्या. खरं सांगते, गेल्या दोन महिन्यांत घरी एकटीसाठी बहुतेक वेळा मी नुसती खिचडी लावत होते. समोर कुणीतरी ‘अजून एक घे’ म्हणतंय, हे विसरायलाच झालं होतं.

शेजारी एक मुलगा जेवत होता, विशी-बाविशीचा. जेवण झाल्यावर काकूंना हळूच म्हणाला, ‘काकू, या महिन्याचे पाच तारखेला दिले तर चालतील?’ काकूंनी वर न बघता वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, ‘ताक घेतलंस का?’ विषय संपला. ना त्याचा चेहरा पडला, ना कुणी वळून बघितलं. मी मात्र बघत राहिले. हे वाक्य मला दोन महिन्यांत कुणालाच म्हणता आलं नव्हतं.

या शहराला गरीब विद्यार्थ्याची सवय फार जुनी आहे. पूर्वी कोकणातून, देशावरून शिकायला आलेली मुलं ‘वार लावून’ जेवायची. सात वार, सात घरं. सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी लेल्यांकडे. नाही तर माधुकरी मागायची, म्हणजे दुपारी झोळी घेऊन दारोदार शिजवलेलं अन्न. १९०९ साली सुरू झालेलं अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचं पुणे विद्यार्थी गृह, तिथली सुरुवातीची मुलं माधुकरीवरच शिकली. ऐकायला छान वाटतं, पण अर्धीच गोष्ट आहे. ही दारं ठराविक जातीच्या मुलांसाठीच उघडत. बाकीच्यांसाठी वेगळी दारं बांधावी लागली. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, आणि पुढे विठ्ठल रामजी शिंद्यांच्या मिशनला नाना पेठेत अहिल्याश्रम उभारावा लागला. १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली ती खेड्यांतून आलेल्या गरीब मुलांसाठी. विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना तर आमच्या वर्गातल्या कित्येकांनी केली. सकाळी तीन तास बागेत किंवा लायब्ररीत काम, मग लेक्चर. कुणी लपवायचं नाही. उलट त्यांच्याकडेच उधारीला पैसे असायचे!

मेसमधून बाहेर पडलो आणि रूमी म्हणाली, ‘आता मस्तानी!’

मस्तानी म्हणजे काय हे पुण्याबाहेरच्यांनी एकदा समजून घ्या. घट्ट मिल्कशेक आणि त्यावर आइस्क्रीमचा गोळा. ग्लास संपेपर्यंत तुम्ही कुणाशीही बोलत नाही. निंबाळकर तालमीजवळच्या सुजाताच्या दुकानासमोर आम्ही उभ्या होतो. माझ्या डोक्यात गणित सुरू झालं : मेट्रो वीस, नाश्ता साठेक, जेवण एकशेदहा. एकशेनव्वद गेले. मस्तानी घेतली की तीनशेला टेकणार आणि अजून अर्धा दिवस बाकी.

‘मला नको,’ मी म्हटलं. ‘आज शनिवार ना.’

रूमीनं माझ्याकडे बघितलं. तासाभरापूर्वी तिच्या समोर मी चार पोळ्या आणि मटकीची उसळ हाणली होती. ती काही बोलली नाही. तिनं पण मस्तानी घेतली नाही. ‘राहू दे, मला पण जड होईल,’ म्हणाली.

तिथून अप्पा बळवंत चौक. एबीसी म्हणजे पुस्तकांचं मार्केट यार्ड. शाळेच्या गाईडपासून इंजिनीअरिंगपर्यंत सगळं, आणि सेकंडहँड घ्यायचं असेल तर फूटपाथवरचे ढीग उपसायची तयारी ठेवायची. वापरलेलं पुस्तक निम्म्या किमतीत घ्यायचं, वर्ष संपलं की त्यालाच परत विकायचं, हे चक्र आम्ही तीन वर्षं चालवलं. पुस्तकाचं भाडं भरल्यासारखंच. मी एक जुना मराठी कथासंग्रह चाळीस रुपयांना घेतला. पहिल्या पानावर निळ्या पेनानं कुणीतरी लिहिलं होतं, ‘वाचून झाल्यावर परत कर.’ केलं नसणार!

फुकटातलं डोंगर-हवा पॅकेज

दुपार कलायला लागली तशी बसनं लॉ कॉलेज रोडला आलो. दहा रुपये. या रस्त्याची एक गंमत आहे. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे आली. त्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, म्हणजे आपलं ‘अर्काइव्ह’. आता २०२२ पासून ते एनएफडीसीत विलीन झालंय. आम्ही इथे फिल्म क्लबच्या कार्डावर वर्षभर सिनेमे बघायचो. मल्टिप्लेक्सच्या एका पॉपकॉर्नच्या पैशांत जपान, इराण, फ्रान्स! ‘राशोमोन’ बघून बाहेर आल्यावर रूमीनं विचारलं होतं, ‘पण खरं कोण बोलत होतं?’ त्या दिवशी शो नव्हता. तुम्ही जाणार असाल तर आधी चौकशी करून जा.

मग टेकडी. वेताळ टेकडी ही पुण्यातली सर्वांत उंच टेकडी. जिम लावायला पैसे नसलेले, प्रेमाला जागा नसलेले, रिटायर झालेले आणि नुकतेच नापास झालेले, असे सगळे पुणेकर संध्याकाळी इथे येतात. पावसाळ्यात ती अशी हिरवी होते की खाली शहर आहे हे खोटं वाटतं. जुन्या खाणीत पाणी साठतं. नशीब असेल तर मोर ओरडतो. टेकडीवरून रस्ता आणि पोटातून बोगदे न्यायचा बेत झाला तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये हजारो माणसं मोर्चानं रस्त्यावर उतरली होती. पुणेकर फुकट मिळणारी गोष्ट अशी सोडत नाहीत, असं मी तेव्हा चेष्टेनं म्हटलं होतं. पण वर उभं राहिलं की कळतं. शहरात बसायला पैसे न लागणाऱ्या जागा किती उरल्यात? मोजा एकदा. (एक काळजीची सूचना : अंधार पडायच्या आत खाली उतरा, आणि एकट्या-दुकट्यानं आडवाटेला जाऊ नका.)

वर पोचलो. भुरभुर पाऊस, खडकावर प्लास्टिक टाकून बसलो. खाली चारही बाजूंना पुणं. आमच्या वेळी हिंजवडीकडे एवढे टॉवर नव्हते.

रूमी म्हणाली, ‘शनिवार कधीपासून धरतेस?’

मी म्हटलं, ‘झाले दोन महिने.’

‘हॉस्टेलला तुझी संकष्टी दर महिन्याच्या अठ्ठावीसला यायची,’ ती म्हणाली. ‘चंद्र कुठेही असो. पंचवीस तारीख उलटली की तुझा गुरुवार, मग शुक्रवार, मग संकष्टी. महिनाअखेरीला तू इतकी धार्मिक व्हायचीस की मला वाटायचं, ही आता दीक्षा घेणार.’

मला हसू आलं आणि मग रडू आलं. मग सगळं सांगितलं. मे महिना, मीटिंग रूम, एचआरच्या मुलीनं पुढे सरकवलेलं पाण्याचं बाटलीएवढं पाकीट, घरी न्यायला दिलेला खोका. मेन्यूचा उजवा कॉलम. खिशातल्या दोन नोटा. ती मध्ये एकदाही ‘अगं बाई’ म्हणाली नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘मूर्ख आहेस. मागच्या वर्षी मी चार महिने बेंचवर होते. रोज ऑफिसला जाऊन नुसती बसत होते. तुला सांगितलं का मी?’

‘नाही.’

‘मग! आपण दोघी मूर्ख.’

पुढे बराच वेळ आम्ही कोण जास्त मूर्ख यावर बोललो. शेजारच्या खडकावर एक आजोबा छत्री मिटवून सूर्यनमस्कार घालत होते, पावसात. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि नमस्कार चालू ठेवले.

उतरून कोथरूडच्या बाजूला आलो तेव्हा दिवे लागले होते. कोपऱ्यावर अमृततुल्य. पितळी पातेलं, आल्याचा वास. दोन चहा घेतले. मी पैसे काढायला लागले तर रूमीनं हात धरला. कॉलेजात आमचा कडक नियम होता, टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी. त्यावरून आम्ही दोन रुपयांसाठी दोन दिवस अबोला धरलेला आहे. तिनं तीस रुपये दिले, फोनवर नोट उघडली आणि माझ्यासमोर टाइप केलं : ‘रूमी, चहा, १५ रुपये. उधार.’

‘पाच तारखेला दिले तर चालतील?’ मी विचारलं.

‘कुठल्या महिन्याच्या ते सांग फक्त,’ ती म्हणाली आणि क्रीमरोल मागवला. तो पण लिहिला.

रात्री झोपण्याआधी माझा हिशोब केला. मेट्रो, बनमस्का, मेस, पुस्तक, बस. दोनशेचाळीस रुपये आणि पंचवीस रुपयांची उधारी. आणि त्याच नोटेच्या खाली रूमीनं ग्रुपवर मेसेज टाकला, मला न विचारता : ‘रूफटॉप कॅन्सल. उद्या दुपारी साडेबाराला आमच्या मेसमध्ये फीस्ट आहे. ज्यांना यायचंय त्यांनी आत्ता सांगा, काकूंना आकडा द्यायचाय.’

नऊ जण आले. त्यातल्या एकानं जेवताना सांगितलं, त्याच्या स्टार्टअपचं शटर मार्चमध्येच पडलंय. दुसरीनं विचारलं, ‘अरे, मग बोलला का नाहीस?’ तो म्हणाला, ‘बाणेरला बोलणार होतो, तिसऱ्या ड्रिंकनंतर.’ काकूंनी त्याच्या ताटात श्रीखंड वाढलं.

तुम्हाला जायचं असेल तर आदल्या दिवशी रात्रीपर्यंत सांगून ठेवा आणि साडेबारालाच पोचा, दीड वाजता पुऱ्या संपतात. आणि लक्षात ठेवा, रविवारी संध्याकाळी मेस बंद.